वाचक विचारतात: बॅक्टेरियानं पिकवलेली केळी तुम्ही खाल का?

मागच्या अंकात कार्बाईडच्या आंब्यावर चार ओळी काय लिहिल्या, मेसेज येणं सुरूच झालं. बरेचसे "धुवून खाल्ला तर चालतो का" याच टाइपचे, ते खाली घेते. पण एक मेसेज वेगळाच होता, आज सगळ्यात जास्त जागा त्यालाच जाणार आहे, बाकीच्यांनी राग मानू नका.

प्रश्न: नमस्कार ताई, माझी मुलगी बायोटेकला आहे, थर्ड इयर. त्यांच्या ग्रुपचा प्रोजेक्ट आहे की जीन बदललेल्या बॅक्टेरियाकडून इथिलीन बनवून घ्यायचं अन् त्यानं फळं पिकवायची, आणि लोकांना हे कसं वाटतं याचा सर्वे पण करायचा. मुलगी लाजते म्हणून फॉर्म घेऊन सोसायटीत मीच फिरली. बॅक्टेरिया शब्द ऐकला की बायका नाक मुरडतात, एक काकू तर म्हणाल्या आधी केमिकल टाकत होते आता किडे टाकणार का. माझ्या सासूबाई रोज इन्सुलिन घेतात, त्या म्हणाल्या असलं फळ मी घरात येऊ देणार नाही. मुलगी म्हणते लोकांना सायन्स समजत नाही. मला वाटतं लोकं अगदीच चुकीचे पण नाहीत. तुम्हाला काय वाटतं? (एक आई, मनीष नगर)

उत्तर: सासूबाईंना लगेच सांगू नका, पण त्या जे इन्सुलिन घेतात ते बहुतेक जीन बदललेल्या बॅक्टेरियाकडूनच नाहीतर यीस्टकडून बनवून घेतलेलं आहे. ई. कोलाय नावाच्या बॅक्टेरियामध्ये माणसाचा जीन टाकून बनवलेल्या इन्सुलिनला अमेरिकेत १९८२ मध्ये परवानगी मिळाली, त्याआधी ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढायचे. बाळाला देतो ती हिपॅटायटिस बी ची लस, ती पण जीन बदललेल्या यीस्टमधून येते. परदेशात चीज बनवायला दूध फाडायचं जे एन्झाइम लागतं ते १९९० पासून अशाच सूक्ष्मजीवांकडून बनवून घेणं सुरू झालं, नाहीतर त्यासाठी वासराचं पोट लागायचं.

आता इथं तुमची मुलगी टाळ्या वाजवेल की बघ, आजी घेतेच नं. पण थांबा. इन्सुलिन सासूबाईंना डॉक्टरनं लिहून दिलंय, सीलबंद आहे, त्यावर बॅच नंबर आहे, एक्स्पायरी आहे, आणि नाही घेतलं तर शुगर चारशेला जाते हे त्यांना माहीत आहे. केळं पिकवणाऱ्या बॅक्टेरियात यातलं काय आहे? केळी तर त्यांना आजही मिळतातच. फायदा होणार तो माल लवकर पिवळा करून विकणाऱ्याचा, अन् काही वाईट झालंच तर पोट यांचं. हा हिशोब करायला बायोटेकची डिग्री लागत नाही जी.

प्रोजेक्टमध्ये नेमकं काय आहे ते सांगते, म्हणजे भांडायचं तर नीट मुद्द्यावर भांडता येईल. फळ पिकतं ते इथिलीन नावाच्या वायूमुळं, अन् तो वायू फळ स्वतःच सोडतं. केळी, आंबा, पपई, चिकू, सीताफळ, टमाटर ही सगळी त्यातलीच, म्हणून तर एक केळ पिवळं झालं की सगळी फणी मागून पिवळी होते आणि पपई पेपरात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवली की दोन दिवसांत मऊ. झाड हा वायू मेथिओनिन नावाच्या अमिनो आम्लापासून टप्प्याटप्प्यानं बनवतं. पण सुडोमोनास सिरिंगी म्हणून एक बॅक्टेरिया आहे, घेवड्या-सोयाबीनवर रोग आणणारा, त्याच्या काही जातींकडं असं एन्झाइम आहे की ते पेशीतल्या रोजच्या एका रसायनापासून सरळ इथिलीन काढतं, मधले टप्पेच नाहीत. त्या एन्झाइमचा जीन उचलून लॅबमधल्या ई. कोलायमध्ये टाकला की तो पण इथिलीन सोडायला लागतो. कॉलेजच्या पोरांची आयजेम म्हणून एक जागतिक स्पर्धा असते सिंथेटिक बायोलॉजीची, तिथं पण या जीनवर प्रयोग झालेले आहेत. म्हणजे मुलीनं काही हवेतलं काढलेलं नाही. मात्र हे लॅबमधलं काम आहे, नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये असं काही येऊन राहिलेलं नाही, हे सोसायटीच्या काकूंना आधी सांगा, नाहीतर उद्यापासून त्या केळीच सोडतील.

अन् बॅक्टेरिया फळावर फासायचे नाहीत, ते पुडीत नाहीतर डब्यात बंद राहणार, बाहेर येणार फक्त वायू. वायूचं कसं आहे, इथिलीन म्हणजे दोन कार्बन चार हायड्रोजन, संपलं. ते केळ्यानं सोडलं का सिलिंडरमधून आलं का बॅक्टेरियानं बनवलं हे फळाला कळत नाही आणि खाणाऱ्याला पण नाही. त्यामुळं "मी खाईन का" याचं माझं उत्तर हो आहे. केळं खाईन. पुडी मात्र माझ्या घरात येणार नाही, आणि का ते पुढं सांगते.

तुमच्या पत्रातल्या काकूंना जी भीती वाटली ती बॅक्टेरियाची कमी अन् पुडीची जास्त आहे असं मला वाटतं. आपल्याकडं "पुडी" हा शब्दच बदनाम झालाय. कार्बाईडच्या पुडीनं केलं ते. कार्बाईडला ओल लागली की अॅसिटिलीन निघतो, वेल्डिंगवाले वापरतात तोच गॅस, तो इथिलीनची कच्ची नक्कल करतो, अन् बाजारातल्या कार्बाईडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसची घाण असते. फळं पिकवायला त्याच्यावर अन्न सुरक्षेच्या नियमात सरळ बंदी आहे. तरी दरवर्षी मे महिना आला की पेपरात धाडीची बातमी असतेच. इतकी वर्षं हे बघितलेल्या बाईला तुम्ही जाऊन म्हणता की काकू आता नवीन पुडी येणार, त्यात जिवंत बॅक्टेरिया आहेत, पण घाबरू नका. कशी नाही घाबरणार बापा?

परवा तुमचा मेसेज वाचला अन् मी मुद्दाम गोकुळपेठ मार्केटात गेली. नेहमीचा केळीवाला आहे, त्याला म्हटलं काऊन भाऊ, पुडी टाकता का? तो हसला. "ताई, मी तं पेटी उचलतो कळमन्यातून, आत काय हाय ते भरणाऱ्याले माहीत." मग त्यानंच आंब्याची एक पेटी उघडून दाखवली, वर पेपर, त्याखाली बैगनफल्ली, अन् दोन थरांच्या मधोमध एक छोटी पांढरी पुडी, थोडी ओलसर, आतली पावडर गोळा झालेली. तो म्हणाला चायना पुडी आहे, इथिलीनची, चालते. मी नाकाजवळ नेऊन बघितली, कार्बाईडला लसणासारखा घाण वास येतो तसा काही आला नाही, म्हणजे कार्बाईड नसावं. नसावं! मी आयुष्यभर होम सायन्स शिकवलं आणि शेवटी माझ्या हातात काय होतं तर नाक. पुडीवर कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, किती ग्रॅम कशासाठी काही नाही. आता गंमत बघा, इथिलीन वायूला २०१६ पासून परवानगी आहे, हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत. इथिलीन सोडणारी पावडर फळाला लागू न देता ठेवली तर तेही नियमात बसतं. म्हणजे कायदेशीर पुडी पण आहे, बेकायदेशीर पुडी पण आहे, दोन्ही पांढऱ्या, दोन्ही पेपराखाली. त्यात तुमच्या मुलीची तिसरी पुडी आली तर ओळखणार कोण?

आणि वापरून झालेली पुडी जाणार कुठं हा माझा खरा प्रश्न आहे. लॅबमध्ये काम झालं की सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेनं जंतू मारणाऱ्या यंत्रात जातं, तुमच्या मुलीला विचारा, तिला ते पाठ असेल. मार्केटमध्ये? मार्केटमध्ये पेटी रिकामी झाली की पुडी, पेपर, तणस सगळं कोपऱ्यातल्या ढिगावर, अन् ढिगावर गाय उभी. लॅबमधला ई. कोलाय तसा नाजूक असतो, बाहेर फार टिकत नाही, हे मला माहीत आहे. पण अशा बॅक्टेरियात जीन टाकताना ओळखीसाठी अँटिबायोटिकला दाद न देणारा जीन पण टाकायची पद्धत आहे, तो जीन नाल्यातल्या दुसऱ्या बॅक्टेरियाकडं जायला नको. यावर उपाय आहेत, तसा जीन न वापरता काम करता येतं, बॅक्टेरिया बाहेर पडला की मरेल अशी सोय पण करता येते, पण ते प्रोजेक्टमध्ये लिहिलं पाहिजे. आणि ई. कोलाय हे नावसुद्धा लोकांना कुठून माहीत आहे तर विहिरीच्या पाण्याच्या रिपोर्टमधून! गटाराचं पाणी मिसळलं की त्यात ते निघतं. लोकं किळस करणारच, त्याला सायन्स न समजणं म्हणू नका.

विदर्भात या विषयावर लोकं अडाणी आहेत असं तर कोणी म्हणूच नये. बीटी वांग्याच्या, म्हणजे जीन बदललेल्या वांग्याच्या वेळेस, २०१० च्या सुरुवातीला, जयराम रमेश पर्यावरण मंत्री होते, त्यांनी सात शहरांत जनसुनावणी घेतली त्यातलं एक आपलं नागपूर होतं. मग ९ फेब्रुवारीला त्यांनी वांगं थांबवलं, ते आजपर्यंत थांबलेलंच आहे. पण बीटी कापूस २००२ पासून आपल्या वावरात आहे, त्याची सरकी गाईला ढेप म्हणून जाते, सरकीचं तेल पोटात जातं, त्यावर कोणी काकू नाक मुरडत नाही. आणि २०१९ मध्ये अकोटकडं शेतकऱ्यांनी परवानगी नसलेलं एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणाऱ्या कापसाचं बियाणं जाहीरपणे पेरून आंदोलन केलं. म्हणजे एकाच मुलखात वांग्याला नको, कापसाला हो, आणि तणनाशकवाल्या कापसाला सरकार नाही म्हणते तरी हो. लोकांना फायदा दिसला की जीनची भीती जाते, फायदा दुसऱ्याच्या खिशात जाताना दिसला की तीच भीती वापस येते. चूक आहे का यात? मला नाही वाटत.

एक सांगते, सर्वे करताना दह्याचं उदाहरण देऊ नका. सगळे बायोटेकवाले तेच देतात, "काकू, दह्यात पण बॅक्टेरिया असतात." माहीत आहे बापा, रोज विरजण लावतो आम्ही. पण विरजण शेजारणीकडून वाटीत येतं अन् त्याचे जीन कोणी बदललेले नसतात, त्यामुळं समोरची बाई समजून जाते की आपल्याला गंडवून राहिले. त्यापेक्षा फॉर्ममध्ये "बॅक्टेरिया चालेल का, हो किंवा नाही" हा प्रश्नच काढून टाका. विचारा की कार्बाईड, सिलिंडरचा गॅस, पावडरची पुडी अन् बॅक्टेरियाची पुडी यातलं एक निवडायचंच असेल तर कोणतं. विचारा की पेटीवर काय लिहिलेलं असलं तर घ्याल. पुडी दुकानात ठेवली तर चालेल का फक्त मोठ्या पिकवणी चेंबरमध्ये, जिथं लायसन्स आहे, मशीन आहे, तिथंच ठेवायची. हे विचारलं की काकू अर्धा तास बोलतील, चहा पण देतील. आणि सासूबाईंचं इन्सुलिनचं त्यांना मुलीनंच सांगावं, तुम्ही मध्ये पडू नका.

प्रश्न: ताई, ऑक्टोबरात हिरवी संत्री मिळतात आणि नंतर तीच केशरी दिसतात, म्हणजे आपली नागपुरी संत्री पण गॅसनं पिकवतात का? (एक वाचक, काटोल रोड)

उत्तर: पिकवत नाहीत, रंगवतात म्हणा. पेंट नाही हं, तसं नाही. संत्र हे केळ्यासारखं नाही, त्यात गोडीत बदलायला स्टार्चचा साठा नसतो, झाडावरून तोडलं तेव्हा जेवढं गोड तेवढंच, नंतर ते फक्त सुकतं नाहीतर सडतं. द्राक्ष, डाळिंब, लिंबू पण तसेच. आंबिया बहाराच्या सुरुवातीच्या फळाला रंग येत नाही कारण रात्री अजून थंड झालेल्या नसतात, आतून मात्र ते तयार असू शकतं. अशा फळाला खोलीत थोडा इथिलीन दिला की सालीतला हिरवा रंग जातो अन् खालचा केशरी दिसतो, डीग्रीनिंग म्हणतात त्याला. चव तीच राहते. त्यामुळं आंबट संत्र केशरी करून विकलं तर फसवणूक तोडणीच्या दिवशीच झालेली असते, गॅसच्या खोलीत नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याकडं अमरावती रोडला लिंबूवर्गीय फळांची मोठी केंद्रीय संस्था आहे, आणि तरी आपण संत्र रंगावरून घेतो! वजनावरून घ्या, हातात जड लागलं पाहिजे.

प्रश्न: कार्बाईडचा आंबा धुवून खाल्ला तर चालतो का? आणि पाण्यात तरंगला तर कार्बाईडचा हे खरं का? (बरेच जण)

उत्तर: धुवाच, कोणताही आंबा धुवा, वरची पावडर जाईल तेवढी जाईल, पण धुतल्यानं कार्बाईडचा आंबा पाडाचा होत नाही. तरंगण्याचं म्हणाल तर कोवळा आंबा तरंगतो अन् भरलेला बुडतो, म्हणजे तुम्हाला फळ केव्हा तोडलं त्याचा थोडा अंदाज येतो, कशानं पिकवलं ते कळत नाही. देठ हिरवा अन् केळ पिवळं म्हणजे कार्बाईड, हा जो फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतो तो पण सोडा, चेंबरमध्ये नीट इथिलीननं पिकवलेल्या केळ्याचा देठ पण हिरवाच राहतो. माझ्यापुरतं सांगते, अक्षय तृतीयेला पूजेपुरता एक घेते, रसासाठी पेटी मेच्या शेवटी आणते. कच्चे आंबे मिळाले तर आणखी बरं, भंडाऱ्याकडून आमच्याकडं तणस येतं, त्याचा माच करून पलंगाखाली आढी घालते, सहा-सात दिवस घर नुसतं घमघमतं. पोरं रोज उपसून बघतात म्हणून वरून पोतं टाकावं लागतं.

प्रश्न: मे महिन्यात आणलेली केळी वरून हिरवट राहतात अन् आतून पार गाळ होतात, हे कोणतं केमिकल? (एक वाचक, सक्करदरा)

उत्तर: नागपूरचा उन्हाळा नावाचं. केळ्याच्या सालीतला हिरवा रंग जायला बेताचं हवामान लागतं, गरमी जास्त झाली की साल मागं राहते अन् गर पुढं पळतो. म्हणून चेंबरमध्ये एसी लावून सोळा-अठरा डिग्रीवर पिकवतात. कूलरसमोर ठेवा, थोडा फरक पडेल.

प्रश्न: पेटीत एक संत्र सडलं की सगळी पेटी सडते असं आजी म्हणायची, खरंच असतं का ते? (एक विद्यार्थिनी, महाल)

उत्तर: हाव, आणि नुसती लागण होते म्हणून नाही. संत्र्यावर ती हिरवी भुकटीसारखी बुरशी येते नं, पेनिसिलियम डिजिटॅटम, ती स्वतः भरपूर इथिलीन सोडते. मनीष नगरच्या ताईंनी हे मुलीला नक्की सांगावं, कारण त्या सुडोमोनासकडं जसं एन्झाइम आहे त्याच जातीचं एन्झाइम या बुरशीकडं असतं. म्हणजे सूक्ष्मजीवानं बनवलेलं इथिलीन आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे, फक्त ते कोणी मुद्दाम पुडीत भरलेलं नाही. मला हे वाचून माहीत होतं तरी मागच्या डिसेंबरात मी संत्र्याची टोपली अन् कच्च्या चिकूची टोपली एकाच टेबलावर ठेवली. टोपलीच्या बुडाशी एक संत्र हिरवं पडलेलं, दिसलंच नाही. चिकू आठवडाभर पुरवून खायचे म्हणून आणले होते, तिसऱ्या दिवशी सगळे एकदम मऊ, मग काय, चिकूचा मिल्कशेक, बिल्डिंगमध्ये वाटला.